साइनची शिवण

पत्रा कापणाऱ्या माणसाला कागदाची भीती वाटते, हे सांगून कुणाला पटणार नाही. पण मिस्त्रींना वाटत असे. बावीस गेजचा पत्रा ते हातकात्रीने असा कापत की बघणाऱ्याला वाटावं, जुनं धोतर फाडतायत. कागदावर पेन टेकवायची वेळ आली की मात्र त्यांच्या कपाळावर घाम येई आणि कारखान्यात फार गरम होतंय असं ते जानेवारीतही म्हणत.

कारखाना हवेच्या पायपांचा होता. मोठी स्वयंपाकघरं, शीतगृहं, लाकूड कापायच्या गिरण्या, जिथे म्हणून वाईट हवा बाहेर घालवायची आणि बरी हवा आत आणायची असते, तिथले पत्र्याचे पाईप इथे बनत. सरळ पाईप कुणीही करतो. पण इमारती सरळ पायपांच्या सोयीने बांधलेल्या नसतात. कुठे तुळई आडवी येते, कुठे खांब आडवा येतो, कुठे नकाशा काढणाऱ्याची अक्कल आडवी येते. मग पायपाला वळण द्यावं लागतं. त्या वळणाला कारखान्यात बेंड म्हणत, आणि सपाट पत्र्यावर बेंडची आखणी करायची हे मिस्त्रींचं काम. सत्तावीस वर्षं ते आखणीच्या टेबलाशी उभे होते. त्या टेबलाची एक कड त्यांच्या पोटाने झिजली आहे, असं त्यांची बायको म्हणे. टेबल लोखंडी होतं.

या वर्षी कंपनीने नवं धोरण आणलं. आखणीखाली जो सही करतो त्याला ती आखणी समजलेली असली पाहिजे, असं ते धोरण होतं. हा नियम वरपर्यंत लावला असता तर अर्धं ऑफिस रिकामं झालं असतं, म्हणून तो आखणीच्या टेबलापाशीच थांबवण्यात आला. समजलेलं आहे हे कळायचं कसं, तर परीक्षेने. पेपर पन्नास गुणांचा, पास व्हायला पंचवीस, संधी दोन. दोन्ही वेळा जो नापास होईल त्याने टेबल सोडून भरणी खात्यात जायचं. म्हणजे दुसऱ्याने आखलेले, दुसऱ्याने वळवलेले पाईप उचलून ट्रकमध्ये रचायचे.

"पगार तोच राहील," साहेब म्हणाले. त्यांनी हे तीनदा सांगितलं. पगार तोच राहील असं तीनदा सांगावं लागतं, तेव्हा बाकी काय जाणार आहे ते ऐकणाऱ्याला बरोबर कळतं.

पहिल्या संधीत मिस्त्रींना अकरा गुण मिळाले. तेही मापांच्या गणितांत. आलेखांचा प्रश्न वीस गुणांचा होता: साइन आणि कोसाइनचे चार आलेख काढा. मिस्त्रींनी चारही काढले होते, सुबक, एका रेघेत, खाडाखोड नाही. चारही चूक. तपासणाऱ्याने खाली लाल शाईत लिहिलं होतं, "आलेख कुठून सुरू होतो हे उमेदवाराला ठाऊक नाही. कुठे थांबतो हेही ठाऊक नाही."

घरी बायकोने शेरा वाचला. "माणूस हुशार दिसतो," ती म्हणाली. "तुम्हाला कधी भेटलेला नाही, तरी ओळखलं."

"थट्टा पुरे. दीड महिन्याने शेवटचा पेपर आहे."

"मग शिकून घ्या कुणाकडून तरी."

"या वयात कोण शिकवणार मला?"

बायको काहीच बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा तिच्या मनात काय असतं हे चोवीस वर्षांत मिस्त्रींना समजू लागलं होतं. ते घाईने म्हणाले, "नाही. तिथे नाही. त्यापेक्षा मी ट्रक भरीन."

"तिथे" म्हणजे दोन गल्ल्या सोडून, जिना चढून डाव्या हाताला. तिथे सासूबाई राहत. वय शहात्तर, त्यातली अडतीस वर्षं गणित शिकवण्यात गेलेली, आणि उरलेली गणित न येणाऱ्यांना सहन करण्यात. मुलगी वर्गात पहिली येणारी. तिने पत्र्याच्या मिस्त्रीशी लग्न ठरवलं तेव्हा त्या आकांडतांडव करतील असं सगळ्यांना वाटलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "हाताला काम आहे." हे कौतुक होतं की तक्रार, यावर नवराबायकोत अजून एकमत झालेलं नव्हतं.

तेव्हापासून सासू-जावयाचं नातं फार चांगलं होतं, म्हणजे ते एकमेकांशी बोलत नसत. त्या "जावईबापू, बरं आहे ना" म्हणत, ते "आई, तब्येत जपा" म्हणत, आणि मग दोघंही मुलीकडे बघत. जावयाला एकेरी हाक मारायची नाही, जावयावर आवाज चढवायचा नाही, हे सासूबाईंनी लग्नाच्या दिवशी ठरवलं होतं आणि निभावलं होतं. पण आवाज न चढवता गणित शिकवायचं कसं, हे त्यांना कधीच माहीत नव्हतं. इथे पेच होता.

तरी शेवटी मिस्त्रींना तो जिना चढावाच लागला. पहिल्या संध्याकाळी तिघं सासूबाईंच्या टेबलाशी बसली. सासूबाई या टोकाला, मिस्त्री त्या टोकाला, मध्ये बायको वाटाणे सोलत. सासूबाईंनी आलेखाचा कागद पुढे सरकवला आणि साइन एक्स काढायला सांगितलं. मिस्त्रींनी काढलं. सासूबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कागद बदलला नव्हता.

"तुझ्या नवऱ्याला विचार," त्या मुलीला म्हणाल्या, "साइन कुठून सुरू होते."

"अहो, आई विचारतेय, साइन कुठून सुरू होते?"

मिस्त्री तीन फुटांवर बसले होते. "खालून," ते बायकोला म्हणाले.

"खालून म्हणतायत."

"मी बहिरी नाही. त्यांना सांग, साइन शून्यातून निघते. वर जाते, परत शून्यावर येते, खाली जाते, परत शून्यावर येते. हे त्यांनी काढलंय त्याला साइन म्हणत नाहीत. हे गळकं छप्पर आहे."

"आई म्हणतेय, जवळजवळ बरोबर आहे," बायकोने सांगितलं.

असे दहा दिवस गेले. बायकोने निरोप पोचवता पोचवता वाटेत त्यांची धार काढून टाकली. "डोकं आहे की डबा" याचं "पुन्हा एकदा करून बघा" झालं. "शाळेत काय माशा मारत होते" याचं "लहानपणी राहून गेलं असेल" झालं. दहा दिवसांत तिचं स्वतःचं विसरलेलं गणित पुरं परत आलं. मिस्त्रींचे आलेख मात्र जिथून सुरू व्हायचे तिथूनच सुरू होत राहिले: तळातून निघायचं, मधोमध शिखर, पुन्हा तळ. आणि तळाशी पोचल्यावर थांबायचं सोडून पुढे आणखी अर्धा इंच.

अकराव्या दिवशी बायकोने वाटाण्यांचं पातेलं उचललं. "मी चहा टाकते," ती म्हणाली. "तुम्ही दोघं आता एकमेकांशी बोला. बोलण्याचा आवाज आला नाही तर चहा बाहेर येणार नाही."

ती गेली. मिस्त्रींनी पट्टी सरळ केली, मग पेन्सिल पट्टीला समांतर ठेवली. सासूबाईंनी दहा दिवसांचे कागद पुढे ओढले आणि एकाशेजारी एक मांडले. बावीस होते. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

अडतीस वर्षांत त्यांनी चुका पुष्कळ पाहिल्या होत्या. पोरं चुकतात ती दर वेळी नवी चूक करतात. कंटाळ्याने, घाईने, शेजारच्याचं बघून. बावीस वेळा एकच चूक, तीही एका मिलिमीटरचा फरक न पडता, असं त्यांनी पाहिलं नव्हतं. याला चूक म्हणायला त्यांची जीभ रेटेना.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, थेट. "हा शेवटचा अर्धा इंच काय आहे?"

"ती माया आहे, आई."

"कसली माया?"

"जोडाची. पत्रा गोल वळवला की दोन कडा एकमेकींवर चढायला नकोत? तेवढं जास्तीचं ठेवावंच लागतं. नाही ठेवलं तर पाईप उघडा राहील."

सासूबाईंनी हे ऐकून घेतलं. "आणि सुरुवात तळातून का?"

आता मिस्त्रींना नवल वाटलं. एवढी शिकलेली बाई, आणि हे विचारते. "शिवण तिथे येते म्हणून," ते म्हणाले. "बेंडची एक बाजू आखूड असते, एक लांब. शिवण आखूड बाजूला घ्यायची. जोड कमी, डाख कमी, गळती कमी. लांब बाजूला शिवण घेणारा माणूस आमच्याकडे दुसऱ्या दिवशी कामावर येत नाही."

"मला कळलं नाही," सासूबाई म्हणाल्या. हे वाक्य त्या घरात पूर्वी कधी उच्चारलं गेलं नसावं, कारण स्वयंपाकघरातलं भांडं वाजायचं थांबलं.

मिस्त्रींनी सासूबाईंनीच काढलेला एक आलेख घेतला. साइनचा, शून्यातून निघणारा, आदर्श. शिवणाच्या डब्यातली कात्री घेतली आणि लाटेवरून कागद कापला. कागदाचे दोन तुकडे झाले, एक वरचा, एक खालचा. खालचा तुकडा त्यांनी गोल वळवला आणि कडा बोटांनी धरल्या. मग तो टेबलावर उभा केला.

वळणारी, चढणारी, उतरणारी लाट नाहीशी झाली होती. पायपाचं तोंड तिरकं कापलेलं होतं; एका सुरीने, एका घावात, सपाट. सासूबाईंनी त्यावर हळूच वही ठेवली. वही चारी बाजूंनी टेकली.

"वरचा तुकडा द्या," त्या म्हणाल्या.

मिस्त्रींनी तोही वळवला आणि खालच्यावर बसवला. दोन्ही मिळून सरळ पाईप झाला. "आता बघा," म्हणून त्यांनी वरचा पाईप मनगटाने अर्धा फिरवला. पाईप मोडून आडवा झाला. काटकोन. ज्याच्यासाठी त्यांना सत्तावीस वर्षं पगार मिळत होता ते बेंड सासूबाईंच्या टेबलावर कागदात उभं राहिलं.

सासूबाईंनी ते त्यांच्या हातून घेतलं. सरळ केलं. अर्धा फेरा फिरवलं. पुन्हा सरळ केलं. अर्धा फेरा फिरवला की साइनचं चिन्ह उलटतं, हे त्यांनी फळ्यावर किती हजार वेळा सिद्ध केलं असेल त्याची गणती नव्हती. ते मनगटाने करता येतं हे कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

"हे तुम्ही रोज करता?" त्यांनी विचारलं.

"सोमवार ते शनिवार."

स्वयंपाकघरातून चहा बाहेर आला. कप घेऊन आलेली बायको दारातच उभी राहिली, कारण तिच्या आईने मिस्त्रींच्या खुर्चीशेजारी खुर्ची ओढली होती.

त्यानंतरच्या शिकवण्या बघण्यासारख्या होत्या. मिस्त्रींना सगळं येत होतं; फक्त ते येतं आहे हे त्यांना माहीत नव्हतं. साइनच्या आधी लिहिलेला आकडा म्हणजे लाटेची उंची, म्हणजे बेंड किती कडक. एक असेल तर काटकोन, अर्धा असेल तर सौम्य वळण. शेवटी अधिक करून लिहिलेला आकडा म्हणजे पायपाची लांबी वाढवली. कंसात एक्समधून काही वजा केलं, तर शिवण तेवढी सरकवली.

"म्हणजे साइन ही बाजूला शिवण घेतलेली," मिस्त्री म्हणाले. "माझी आखणी तिच्यापेक्षा पाव घेर सरकलेली."

"बरोबर. आणि कोसाइन?"

मिस्त्रींनी कोसाइनचा आलेख पाहिला. शिखरावरून निघत होता. त्यांचा चेहरा पडला. "ही तर लांब बाजूला शिवण."

"हो."

"ज्याने ही काढली तो पत्र्याचं काम करत नसणार."

"नसणार," सासूबाई म्हणाल्या. "पण परीक्षेत त्याचंच ऐकायचं."

एक्सच्या आधी दोन आला तेव्हा एका घेरात दोन लाटा आल्या. तिरक्या कापाला एकच लाट लागते, म्हणून सासूबाईंना वाटलं आता जावईबापू अडणार. ते म्हणाले, "हे खोगीर. मोठ्या पायपावर लहान पाईप बसवायचा असला की त्याचं तोंड असं कापतात. दोन बाजूंनी खाली उतरतं, घोड्यावर बसल्यासारखं."

"तंतोतंत असंच?"

"जवळजवळ."

"गणितात जवळजवळ नसतं."

"पत्र्यात असतं. फट राहिली तर वर डाख ओतून बुजवतो आम्ही."

सासूबाई त्या दिवशी उशिरा जेवल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन पानांचा हिशोब पुढे ठेवला: खोगिराची कड आणि दोन लाटांची कोसाइन यांत फरक पडतो, आणि लहान पाईप जितका जाड तितका जास्त पडतो. मिस्त्रींनी पानं उलटी-सुलटी करून पाहिली. "म्हणून तर जाड पायपाला डाख जास्त लागतो," ते म्हणाले. दोघांनाही एकदम बरं वाटलं.

मग पेपरच्या आदल्या दिवशी घोळ झाला. गणित साधं होतं: दोन साइन एक्स अधिक एक. मिस्त्रींनी मधली रेघ एकावर घेतली, शिखर तीनवर नेलं, उताराला लागले आणि शून्यावर येऊन थांबले.

"पुढे?" सासूबाई म्हणाल्या.

"पुढे पत्रा संपला."

"संपला म्हणजे?"

"नुसत्या साइनला लांबी सांगितलेली नसते, ती नुसती लाट. इथे लांबी सांगितलीय: एक, आणि दोन खाली उतरायचं. एक उतरलो, पायपाचं बूड आलं. आता आणखी कुठे उतरू?"

"उणे एकवर."

"उणे एक लांबीचा पाईप मी केलेला नाही, आई. कुणीच केलेला नाही. ऑर्डर आली तर मी परत पाठवीन."

"जावईबापू, ऑर्डर नाही आली. आलेख आहे. शून्याच्या खाली जायचं."

"शून्याच्या खाली टेबल आहे."

"अरे गाढवा, शून्याच्या खाली संख्या असतात!"

चोवीस वर्षांचं व्रत टेबलावर पडून फुटलं. सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला. आतून मुलगी धावत आली आणि दोघांकडे आळीपाळीने बघू लागली. मिस्त्री मान खाली घालून बसले होते. ते हसतायत हे तिला जरा वेळाने कळलं.

"संख्या असतील," ते म्हणाले. "पण पत्रा नसतो."

हे काही सुटलं नाही. सासूबाईंनी कर्ज, तळघर, थर्मामीटर, सगळं सांगून पाहिलं. मिस्त्री प्रत्येक गोष्टीला हो म्हणाले आणि पेन्सिल दर वेळी शून्यावर येऊन थांबली. पायपामुळे त्यांना जेवढं समजलं होतं तेवढं सगळं एकीकडे, आणि पायपामुळेच पुढचं पाऊल अडलं होतं. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "असला प्रश्न आला तर सोडून द्या. बाकीचे तीन नीट करा." त्यांनी हा सल्ला आयुष्यात कुठल्याच विद्यार्थ्याला दिला नव्हता, आणि तो देताना त्या कागदाकडे बघत होत्या.

मिस्त्रींनी घरी जाताना हिशोब केला. मापांच्या गणितांत अकरा, फार तर बारा. तीन आलेखांचे पंधरा. पण पाचपैकी पाच कुणी देत नाही; तपासणाऱ्यालाही जगायचं असतं. चौथा सोडला तर पंचवीस होतील किंवा चोवीस होतील. चोवीस झाले तर सोमवारपासून भरणी खातं.

परीक्षा एका शाळेत होती. बाकं दहा वर्षांच्या मुलांच्या मापाची होती, त्यामुळे पाच दांडगे कारागीर गुडघे कानाशी घेऊन बसले होते. मापांची गणितं झाली. मिस्त्रींनी पान उलटलं.

पहिला आलेख: साइन एक्स. काटकोनी बेंड, शिवण बाजूला. त्यांनी जीभ चावून शून्यातून सुरुवात केली आणि घेर पुरा झाल्यावर थांबले. माया सोडायला हात पुढे गेला होता, तो डाव्या हाताने धरला. दुसरा: उणे कोसाइन एक्स. मिस्त्रींनी तो दोनदा वाचला. तळातून निघायचं, मधोमध शिखर, पुन्हा तळ. ही त्यांची स्वतःची आखणी होती. पेपर काढणाऱ्यांत एखादा पत्र्याचा माणूस असावा असं त्यांना वाटलं, आणि परक्या गावात ओळखीचं कुणी भेटल्यासारखं झालं. तिसरा: कोसाइन दोन एक्स. खोगीर.

चौथा: तीन साइन एक्स उणे एक.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. कालच्यापेक्षा वाईट होतं. कालच्या पायपाला निदान एक लांबी होती. हा पाईप सुरूच जमिनीखाली होत होता आणि तिथून आणखी तीन उतरत होता. अर्धा तास उरला होता. पुढच्या बाकावरचा वेल्डर खिडकीबाहेर बघत होता. त्याचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं दिसत होतं.

मिस्त्रींनी कोऱ्या कागदाकडे पाहिलं आणि त्यांना टेबल आठवलं. आखणीचं टेबल. तिथे कधी असं होई, की बेंड केवढं कडक आणि पाईप केवढा जाड हे ऑफिसातून कळलेलं असे, पण लांबी कळलेली नसे. जागेवर गेलेला माणूस माप घेऊन संध्याकाळी फोन करे. तोवर हातावर हात ठेवून बसायचं का? मिस्त्री पत्र्याच्या मधोमध, भरपूर जागा सोडून, आधी लाट आखून टाकत. संध्याकाळी माप आलं की लांबीची रेघ मारत. लाटेपासून जेवढी दूर सांगतील तेवढी दूर. लाटेला त्या रेघेशी काही देणंघेणं नसे. रेघ कुठेही आली तरी लाट तीच राही.

म्हणजे शून्याची रेघ हे पायपाचं बूड नव्हतं. ती नुसती मोजायला कुठून लागायचं त्याची रेघ होती. आणि ती सगळ्यात शेवटी येत होती.

मिस्त्रींनी कागदाच्या मधोमध, कशाचाही विचार न करता, तीन वर आणि तीन खाली जाणारी लाट काढली. बाजूला शिवण, माया नाही. हात सुटा चालला. लाट पुरी झाल्यावर त्यांनी पट्टी उचलली. उणे एक, म्हणजे लाटेची मधली रेघ शून्याच्या एक खाली हवी. म्हणजे शून्य तिच्या एक वर हवं. फोन आला, माप आलं. त्यांनी लाटेच्या पोटातूनच आडवी रेघ मारली, तिच्यावर शून्य लिहिलं आणि बाजूला आकडे टाकत खाली उतरले. उणे एक, उणे दोन, उणे तीन, उणे चार. पेन्सिल कुठेच थांबली नाही.

निकाल नऊ दिवसांनी लागला. एकतीस. साहेबांनी हात मिळवला आणि आपल्याला आधीपासून खात्री होती असं सांगितलं. वेल्डरला वीस मिळाले होते; तो आखणीकडे यायला पहिल्यांदाच बसला होता, त्याची अजून एक संधी होती. मिस्त्री टेबलाशी गेले. त्यावर कुणीतरी चहाचे कप ठेवले होते. त्यांनी ते एकेक करून उचलले, टेबल फडक्याने पुसलं, आणि दिवसाचा पहिला पत्रा त्यावर चढवला.

संध्याकाळी ते बायकोला घेऊन दोन गल्ल्या सोडून जिना चढले. सासूबाईंना फोनवर सगळं कळलं होतं. एकतीस हा आकडा त्यांनी चार जणांना सांगूनही झाला होता. तरी दार उघडल्या उघडल्या त्या म्हणाल्या, "चौथा काय होता?"

"तीन साइन एक्स उणे एक."

सासूबाई खुर्चीत बसल्या. "सोडलात ना?"

"काढला."

"दाखवा."

मिस्त्रींनी कागद घेतला आणि लाट काढायला सुरुवात केली. सासूबाईंचा हात मध्ये आला. "आधी अक्ष. अक्ष कुठे आहेत? अक्षांशिवाय कुठे..." मग हात तिथेच थांबला, कारण मिस्त्री थांबले नव्हते. लाट झाली. पट्टी आली. लाटेच्या पोटातून शून्याची रेघ गेली.

"अक्ष शेवटी," त्या म्हणाल्या.

"जागेवरून माप शेवटीच येतं, आई."

सासूबाईंनी पट्टी बाजूला सारली. त्यांनी नवा कोरा कागद घेतला, चौकटी नसलेला, आणि स्वतः एक लाट काढली. नुसती. वर नाव नाही, खाली आकडे नाहीत. एक शिखर जरा चेपलं गेलं. अडतीस वर्षं त्यांनी पोरांना आधी दोन रेघा मारायला लावल्या होत्या, आणि रेघा न मारणाऱ्यांना वर्गाबाहेर उभं केलं होतं. अक्ष नसलेली साइन त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

कागद त्यांनी जावयाकडे सरकवला. "घाला शून्य. कुठे हवं तिथे."

मिस्त्रींनी विचार करून पट्टी लाटेच्या बरीच खाली ठेवली आणि रेघ मारली. सगळी लाट वर राहिली. "हा पाईप," ते म्हणाले. "सव्वा फुटाचा. उद्या सकाळी करून देतो."

सासूबाईंनी पट्टी त्यांच्या हातून घेतली. लाटेच्या वर, सगळ्यात उंच शिखराच्याही वर, दुसरी रेघ मारली. तिच्यावर शून्य लिहिलं. आता सगळी लाट त्या रेघेच्या खाली लोंबत होती. शिखरही उणे, तळही उणे.

"आणि हे?"

बायको कप घेऊन आली होती. टेबलावर जागा नव्हती, ती उभी राहिली. मिस्त्री कागदाकडे बघत होते. त्यांनी डोकं थोडं तिरकं केलं, जसं ते ऑफिसातून आलेली ऑर्डर नाकारण्याआधी करत.

"हे कुणी करून देणार नाही," ते म्हणाले. "पण आहे खरं."